पेवात कंदील का विझतो? पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढतात, ते सातारा-सांगलीच्या उदाहरणांतून

सांगली शहराला लागून, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. भाविकांना ते संगमेश्वराच्या देवळामुळे माहीत असतं. हळदीच्या व्यापाऱ्यांना मात्र ते माहीत आहे पेवांमुळे. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. वरचं तोंड एक माणूस जेमतेम आत शिरेल एवढं आणि खाली पोट रांजणासारखं सुटलेलं. इथली माती इतकी चिवट की पावसाचं पाणी सहजी आत झिरपत नाही. बाजूंना उसाच्या पाचटाचं अस्तर द्यायचं, हळकुंडं भरायची, तोंड झाकायचं आणि वरून माती लिंपून टाकायची. अशी पुरलेली हळद वर्षानुवर्षं राहायची आणि तिला कीड लागायची नाही. आपण 'क्लासेसचं पेव फुटलंय' म्हणतो ते पेव हेच. 2005 च्या महापुराचं पाणी इथल्या अनेक पेवांत शिरलं आणि त्यानंतर व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हळदीच्या इतिहासात पेवाचा वाटा मोठा आहे.

पेव उघडण्याची एक रीत आहे. तोंड मोकळं केलं की कुणी लगेच आत उतरत नाही. काही तास ते तसंच उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तेवत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर थांबायचं. घाईत ही रीत मोडणाऱ्यांनी जीव गमावले आहेत. धान्याचं पेव असो, जुनी विहीर असो किंवा मळीची टाकी, अशा अपघातांत नेहमीचा प्रकार म्हणजे पहिला माणूस खाली कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा धावत उतरतो आणि तोही वर येत नाही.

आता प्रश्न असा, की बंद खड्ड्यातला ऑक्सिजन गेला कुठे? आत कुणी चूल पेटवली नव्हती.

तो वापरला पेशींनी. ज्वारीच्या पेवात तर दाणाच जिवंत असतो. पेरला तर उगवतो, म्हणजे साठवणीतही त्याच्या पेशी हळूहळू का होईना, काम करत असतात. हळकुंडं शिजवून वाळवलेली असतात, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या पेशी मेलेल्या असतात. पण बुरशी, जीवाणू, चुकून आत गेलेले किडे, पाचटावरचे आणि मातीतले सूक्ष्मजीव हे सगळे जिवंतच. ते ऑक्सिजन घेत राहतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. नवी हवा आत येत नाही. शेवटी ऑक्सिजन इतका कमी होतो की किडेही जगू शकत नाहीत. हळदीला कीड का लागत नाही याचं उत्तर हेच, आणि माणूस का गुदमरतो याचंही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा साधारण दीडपट जड असल्यामुळे तो तळाशी साचून राहतो. नुसतं झाकण उघडल्याने तो लगेच वर येत नाही.

कंदिलाच्या रीतीमागे चांगलं गणित आहे. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो साधारण 16 टक्क्यांवर आला की ज्योत विझते. माणूस त्या हवेत अजून शुद्धीवर असतो, म्हणजे कंदील थोडा आधी इशारा देतो. ऑक्सिजन 10 टक्क्यांच्या खाली गेला की शुद्ध हरपते, आणि 6 टक्क्यांच्या खाली तर एक-दोन श्वासांतच. पण कंदिलावर फार विसंबू नये. विषारी वायू आहे की नाही हे त्याला कळत नाही. आणि गोबर गॅसचा खड्डा, सांडपाण्याची किंवा मळीची टाकी अशा ठिकाणी पेटणारा वायू साचलेला असू शकतो. तिथे ज्योत नेणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. अशा जागी वायू मोजणारं यंत्र, आत हवा सोडणारा पंखा आणि कमरेला दोर एवढं हवंच.

श्वास वेगळा, श्वसन वेगळं

शाळेत 'श्वसन' म्हटलं की फुप्फुसांची आकृती डोळ्यांसमोर येते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. छाती भात्यासारखी हलते तो श्वासोच्छ्वास. ती फक्त वाहतूक आहे. खरं काम पेशीत चालतं, त्याला पेशीश्वसन म्हणतात. ज्वारीच्या दाण्याला नाक नाही, गांडुळाला फुप्फुसं नाहीत, तरी दोघंही श्वसन करतात.

आपण आत घेतो त्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, बाहेर सोडतो त्या हवेत साधारण 16. कार्बन डायऑक्साइड आत जाताना नगण्य, बाहेर येताना 4 टक्क्यांच्या आसपास. मधला हिशेब पेशींनी केलेला असतो. काही न करता नुसता पडून असलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर ऑक्सिजन वापरतो.

हे एक प्रकारचं जळणं आहे, हे फ्रान्सच्या लव्हाझिएने अठराव्या शतकातच ओळखलं होतं. गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळतो हे त्याने मोजलं, आणि कोळसा जळताना निघणाऱ्या उष्णतेशी त्याची तुलना केली. समीकरणही जळण्याचंच आहे. ग्लुकोजचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे सहा, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे सहा, पाण्याचे सहा आणि ऊर्जा.

फरक वेगाचा आहे. साखर कारखान्यात उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये भडाभडा जळतो. सगळी ऊर्जा एकदम उष्णता म्हणून बाहेर पडते आणि मग वाफेवर टर्बाइन फिरवावी लागते. पेशीला हा मार्ग परवडणारा नाही, ती भाजून निघेल. म्हणून ती तेच इंधन डझनावारी छोट्या पायऱ्यांत, 37 अंश तापमानात जाळते. प्रत्येक पायरीला एकेक एन्झाइम.

पाचशेची नोट आणि सुट्टे पैसे

बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी म्हणजे मुख्यतः स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक माळा. घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतला एन्झाइम ती माळ तोंडातच तोडायला लागतो. उरलेलं काम लहान आतड्यात होतं आणि ग्लुकोज रक्तात उतरतं. उसाची साखर तर आणखी सोपी, एका ग्लुकोजला एक फ्रुक्टोज जोडलेलं.

पण ग्लुकोज थेट खर्च करता येत नाही. एसटीत दहा-वीस रुपयांच्या तिकिटासाठी पाचशेची नोट पुढे केली की कंडक्टर काय म्हणतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पेशीतलं प्रत्येक छोटं काम, स्नायूचा एक धागा सरकवणं, मिठाचा एक कण बाहेर ढकलणं, हे सुट्ट्या पैशांत चालतं. ते सुट्टे पैसे म्हणजे एटीपी नावाचा रेणू. त्याच्या टोकाला फॉस्फेटचे तीन गट असतात. शेवटचा गट तुटला की ऊर्जा मिळते आणि एडीपी उरतो. त्याला पुन्हा फॉस्फेट जोडला की परत एटीपी. पेशीश्वसन म्हणजे मोठी नोट मोडून हे सुट्टे करून देण्याचं काम.

एटीपी 1929 मध्ये जर्मनीत कार्ल लोहमानला सापडला, आणि त्याच सुमारास हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनाही. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. इतकं मूलभूत काम करूनही त्यांचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी फारच थोडा असतो, पण तोच पुन्हा पुन्हा मोडला आणि जोडला जातो. दिवसभरात झालेली ही उलाढाल मोजली, तर ती साधारण आपल्या वजनाइतकी भरते.

नोट मोडण्याची पहिली खिडकी पेशीद्रव्यात आहे. तिथे दहा पायऱ्यांत ग्लुकोजचे दोन तुकडे होतात, त्यांना पायरुव्हेट म्हणतात. या टप्प्याचं नाव ग्लायकोलायसिस. गंमत म्हणजे इथे आधी दोन एटीपी भांडवल म्हणून घालावे लागतात, मग चार मिळतात. निव्वळ कमाई दोन. ऑक्सिजन अजिबात लागत नाही.

ऑक्सिजन मिळत असेल तर पायरुव्हेट तंतुकणिकेत जातं. तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया, शाळेच्या पुस्तकातलं 'पेशीचं ऊर्जाकेंद्र'. तिथे कार्बनचा एकेक अणू सुटा होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो आणि बाहेर पडतो. या टप्प्यातल्या मुख्य चक्राला क्रेब्ज चक्र म्हणतात. हान्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये ते शोधलं तेव्हा 'नेचर' या नियतकालिकाने जागा नाही म्हणून त्यांचा लेख परत पाठवला होता. 1953 मध्ये त्यांना त्याच कामासाठी नोबेल मिळालं.

म्हणजे आपण उच्छ्वासातून सोडतो तो कार्बन खाल्लेल्या अन्नाचा असतो. वजन कमी झालं की चरबी जाते कुठे, याचंही उत्तर इथेच आहे. ती घामातून वितळून जात नाही. 10 किलो चरबी पूर्ण वापरली गेली, तर तिच्यातलं साधारण 8.4 किलो वजन कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे जातं आणि उरलेलं पाणी होऊन. पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

पेशीतलं कोयना

इथवर थेट एटीपी फारसा मिळालेला नाही. मिळाले आहेत ते भरलेले हमाल. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू असतात, त्यातला मुख्य एनएडी. तो इलेक्ट्रॉन घेऊन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यापाशी येतो, ओझं उतरवतो आणि रिकामा होऊन परत जातो. ते इलेक्ट्रॉन पडद्यातल्या प्रथिनांच्या रांगेतून एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा सुटते, आणि त्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्याच्या पलीकडे उपसले जातात.

पुढचा भाग सातारा जिल्ह्यातल्या माणसाला चटकन कळेल. पाटण तालुक्यात कोयनेवर धरण आहे. साठवण सुमारे 105 टीएमसी. शिवसागर जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीच्या बाजूला खाली सोडलं जातं. पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर टर्बाइन फिरते आणि वीज तयार होते. पाणी स्वतः जळत नाही, त्याच्या उंचीची किंमत वसूल केली जाते.

तंतुकणिकेत हेच होतं. पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉनांचा साठा, दुसऱ्या बाजूला कमतरता. परत यायला वाट एकच मोठी, एटीपी सिंथेज नावाच्या यंत्रातून. प्रोटॉन आत येताना हे यंत्र खरोखर गोल फिरतं, सेकंदाला शंभराहून अधिक फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत तीन एटीपी जोडून देतं. फरक एकच. कोयनेचं पाणी वर चढवायला पाऊस लागतो, इथे तो उपसा इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवर होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना ती पटली नव्हती. 1978 मध्ये नोबेल मिळालं.

एका ग्लुकोजमागे एकूण 30 ते 32 एटीपी मिळतात असा आजचा अंदाज आहे. जुन्या पुस्तकांतला 38 चा आकडा आता मागे पडला आहे. उरलेली ऊर्जा उष्णता होते, आणि ती वाया गेली असं म्हणता येत नाही, कारण अंग गरम राहतं ते तिच्यामुळेच. नीट न वाळवलेल्या ज्वारीच्या पोत्यात हात घातला की आत ऊब लागते. तीही ओलसर दाण्यांच्या आणि बुरशीच्या श्वसनाची उष्णता.

मग ऑक्सिजनचं नेमकं काम काय? बहुतेकांचा समज असतो की तो कार्बनशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो. तसं नाही. श्वासातून घेतलेला ऑक्सिजन अगदी शेवटी, रांगेच्या टोकाला उभा असतो. थकलेले, ऊर्जा देऊन बसलेले इलेक्ट्रॉन तो उचलतो, प्रोटॉन घेतो आणि पाणी होतो. एवढंच. पण तो नसेल तर शेवटच्या प्रथिनाकडचा इलेक्ट्रॉन घ्यायला कुणी नाही. मग त्याच्या मागचा अडतो, त्याच्याही मागचा अडतो, हमालांना ओझं उतरवायला जागा मिळत नाही, रिकामा एनएडी संपतो आणि क्रेब्ज चक्र थांबतं. स्टँडच्या फाटकात एक गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या गाड्या अडकतात, तसंच. पेवात उतरलेल्या माणसाच्या मेंदूत काही मिनिटांत हेच घडतं. मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के, पण ऊर्जा खातो जवळपास 20 टक्के, आणि त्याच्याकडे साठा जवळजवळ नाही.

ऑक्सिजन पुरत नाही तेव्हा

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 मध्ये रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. दोघांच्या खेळात पेशींचं काम फार वेगळं.

कुस्तीत डाव टाकायचा तो क्षणात. पहिले काही सेकंद स्नायू क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या साठ्यावर चालतो. (हाही 1927 मध्ये फिस्के आणि सुब्बारावांनीच शोधलेला.) तो संपला आणि जोर चालूच राहिला, तर रक्त तेवढ्या वेगाने ऑक्सिजन पुरवू शकत नाही. मग स्नायू ग्लायकोलायसिसचा वेग वाढवतो. पण तिथे अडचण रिकाम्या एनएडीची. तो नसेल तर ग्लायकोलायसिसही बंद पडेल. यावर पेशीची तोड अशी, की हमालाच्या डोक्यावरचं ओझं पायरुव्हेटवरच उतरवायचं. त्याचं लॅक्टेट होतं, एनएडी रिकामा होतो, काम पुढे चालतं. एका ग्लुकोजमागे फक्त दोन एटीपी, पण लगेच.

नऊ-साडेनऊ मिनिटांची शर्यत, किंवा यवतेश्वराचा घाट चढणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, अशी उधारीवर पळता येत नाही. तिथे तंतुकणिका किती आणि रक्त ऑक्सिजन किती पोचवतं यावर सगळं अवलंबून. नियमित धावण्याच्या सरावाने स्नायूंमधल्या तंतुकणिका खरोखर वाढतात. 'दम वाढला' म्हणतात त्यातला मोठा भाग छातीत नसतो, मांडीत असतो.

जिममध्ये ऐकू येणारा एक समज इथेच मोडून काढायला हवा. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते 'लॅक्टिक अॅसिड साचल्यामुळे' नाही. लॅक्टेट तासाभरात बरंचसं हटतं. हृदय ते इंधन म्हणून वापरतं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांचं असतं.

हीच अडचण यीस्टने वेगळ्या रीतीने सोडवली आहे, आणि त्यावर सातारा-सांगलीतल्या डिस्टिलऱ्या उभ्या आहेत. साखर काढून झाल्यावर उरते ती मळी. ती पाण्यात पातळ करून टाकीत यीस्ट घालतात. थोड्याच वेळात टाकी फेसाळते. हवा पुरेशी नसताना यीस्ट पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरलेल्यावर एनएडीचं ओझं उतरवतं. जे तयार होतं ते इथेनॉल. यीस्टला यातून मिळतात तेच दोन एटीपी. ग्लुकोजमधली बहुतेक ऊर्जा इथेनॉलमध्ये तशीच राहते. यीस्टने ती काढली नाही म्हणून तर पेट्रोलमध्ये मिसळून गाडीच्या इंजिनात ती जाळता येते. इडलीचं पीठ फुगतं आणि दूध विरजतं तेही याच कुळातल्या युक्त्यांनी.

तासगावची द्राक्षंही तोडल्यावर श्वसन करतच असतात आणि स्वतःचीच साखर खर्चत असतात. म्हणून निर्यातीचा माल तोडणीनंतर लवकरात लवकर थंड करतात. तापमान उतरलं की एन्झाइम मंदावतात. आणि रात्री झाडाखाली झोपू नये म्हणतात त्याचं काय? झाड दिवसाही श्वसन करतं आणि रात्रीही. पण उघड्यावर एका झाडाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड माणसाला त्रास देण्याइतका कधीच साचत नाही. साप-विंचवाच्या भीतीने झोपू नये, हे कारण जास्त पटण्यासारखं आहे.

ऑक्सिजन असूनही गुदमरणं: किराळ

माण, खटाव, जत, आटपाडी. पाऊस कमी, ज्वारी भरपूर. इथल्या पशुपालकांना 'किराळ लागणं' हा शब्द सांगावा लागत नाही. भुकेलं जनावर कोवळ्या ज्वारीत शिरतं, थोडं खातं, आणि थोड्याच वेळात धापा टाकू लागतं. तोंडाला फेस, झोकांड्या, मग कोसळणं. काही वेळा डॉक्टर पोचायच्या आत सगळं संपतं.

कोवळ्या ज्वारीत ढुरिन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं गेलं की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइड, सुटतं. झाडाच्या दृष्टीने हा कुरतडणाऱ्यांपासून बचाव. गाय-बैल-शेळीच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव ही क्रिया आणखी वेगाने घडवतात, त्यामुळे रवंथ करणाऱ्या जनावरांना धोका जास्त. पावसाने ताण दिलेलं पीक आणि कापणीनंतर बुडख्यातून आलेले फुटवे सर्वांत वाईट. नेमकं तेव्हाच रानात दुसरं हिरवं काही नसतं.

सायनाइड करतं काय? ते इलेक्ट्रॉनांच्या रांगेतल्या शेवटच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, जिथून ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन उचलायचे असतात. फुप्फुसं ठीक, रक्त ठीक, रक्तात ऑक्सिजन भरपूर. पण पेशीला तो वापरता येत नाही. म्हणून किराळ लागलेल्या जनावराच्या शिरेतलं रक्त काळपट न दिसता लालभडक दिसतं. पेशींनी ऑक्सिजन घेतलाच नाही, तो तसाच परत चालला आहे. पेवातल्या माणसापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, इथे पोचूनही उपयोग होत नाही. पेशीत मात्र दोन्हीकडे तीच शेवटची पायरी बंद पडलेली असते.

उपचार याच ज्ञानावर बेतलेला आहे. पशुवैद्यक शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. नायट्राइटमुळे थोड्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ते सायनाइडला स्वतःकडे ओढून घेतं, तंतुकणिकेतलं प्रथिन मोकळं होतं. थायोसल्फेटमुळे सायनाइडचं थायोसायनेट होतं आणि ते लघवीतून निघून जातं. वेळेत दिलं तर आडवं झालेलं जनावर पुन्हा उभं राहतं. मात्रा चुकली तर नायट्राइटच अपाय करतं, त्यामुळे हा घरी करायचा उपाय नव्हे.

घरी करायचं ते आधी. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत त्यात जनावर सोडायचं नाही. खोडव्याच्या फुटव्यांपासून तर लांबच ठेवायचं. हिरवी वैरण कापून उन्हात चांगली वाळवली किंवा मुरघास केला, की सायनाइडचं प्रमाण बरंच उतरतं. पिकलेल्या ताटांचा वाळलेला कडबा आणि पक्व दाणा यांची भीती नाही. ज्वारीला मोड आणले तर मात्र त्या मोडांत ढुरिन पुन्हा तयार होतं.